‘माझ्या ५० रुपयांचं काय झालं?’: कॉलेजातल्या उद्योजकता कार्यक्रमातून मुलं काय शिकतात

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लेक ठाण्यात अकरावी कॉमर्सला आहे. तिच्या कॉलेजात जुलैपासून दिवाळीपर्यंत युवा उद्योजकता कार्यक्रम चालतो. आठ-दहा मुलांनी मिळून एक छोटी कंपनी काढायची, भांडवल गोळा करायचं, वस्तू बनवून विकायची आणि शेवटी कंपनी बंद करून हिशोब द्यायचा. माहितीपत्रकावर ‘नेतृत्वविकास आणि करिअरच्या संधी’ असं लिहिलंय. तिच्या बाबांचं म्हणणं, शनिवार-रविवार यात घालवण्यापेक्षा अकाउंट्सचा क्लास लावलेला बरा. आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की यातून खरंच काही हाती लागतं, की शेवटी नुसतं सर्टिफिकेट.

मी वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना चालवते. गेली १४ वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या मुलांच्या अशा गटांबरोबर मार्गदर्शक म्हणून बसते. शिवाय दरवर्षी माझ्याकडे दोन-चार नवी मुलं-मुली कामाला लागतात, त्यामुळे नोकरी देणाऱ्याच्या खुर्चीतूनही मला हा प्रश्न दिसतो.

माझं उत्तर: हाती लागतं, आणि पुष्कळ लागतं, पण एका अटीवर. मुलांकडे दुसऱ्या कुणाचे तरी खरे पैसे असले पाहिजेत, आणि त्या माणसासमोर उभं राहून त्यांना हिशोब द्यावा लागला पाहिजे. हे असेल तर बाकीचा कार्यक्रम थोडा डावा-उजवा असला तरी चालतो. हे नसेल तर कितीही मोठा वक्ता आणा, मुलं ऐकून टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

ही पद्धत जुनी आहे. १९१९ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरात ‘ज्युनियर अचीव्हमेंट’ ही संस्था सुरू झाली. शेती सोडून शहराकडे येणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांना उद्योगधंद्याची ओळख व्हावी हा तिचा हेतू. तिच्या तीन संस्थापकांपैकी थिओडोर वेल टेलिफोन कंपनीचे, तर होरेस मोझेस आणि मरे क्रेन हे दोघे कागदाच्या धंद्यातले. क्रेन घराण्याने उभारलेल्या गिरणीतून अमेरिकेच्या नोटांचा कागद जातो. माझं आयुष्य कागद-पुठ्ठ्यात गेलं, त्यामुळे हे वाचलं तेव्हा ती माणसं मला फार जवळची वाटली. त्यांच्या कार्यक्रमाचा साचा आजही जवळजवळ तोच आहे: शाळा-कॉलेज सुटल्यावर जमायचं, कमी किमतीचे शेअर विकायचे, वस्तू बनवायची, विकायची, नफा-तोटा वाटून कंपनी बंद करायची, आणि हे सगळं गावातल्या एखाद्या व्यावसायिकाच्या नजरेखाली. तुमच्या लेकीच्या कॉलेजातला कार्यक्रम वर्णनावरून याच घराण्यातला दिसतो.

आता आतून हे कसं चालतं ते सांगते. त्यासाठी एकाच गटाची गोष्ट पुरे.

काही वर्षांपूर्वी नऊ मुलांचा एक गट माझ्याकडे होता. ठाणे, कळवा, एक मुलगी घणसोलीहून येणारी. त्यांनी आकाशकंदील करायचे ठरवले. ५० रुपयांचा एक याप्रमाणे १५० शेअर विकले, म्हणजे भांडवल ७,५००. एका माणसाला जास्तीत जास्त दोन शेअर, हा नियम मी घालते. कुणाच्याच खिशाला झळ बसू नये आणि शक्य तितक्या वेगवेगळ्या माणसांच्या दारात मुलांना जावं लागावं, म्हणून. शेजारी, मावश्या, क्लासचे सर, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि एका सोसायटीच्या गेटवरचे वॉचमनकाका, मूळचे पाटण तालुक्यातले, अशा सगळ्यांनी शेअर घेतले. (इथे पालकांनी एक समजून घ्यावं: कायद्याच्या भाषेत हे शेअर नव्हेत, ती कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेची पावती असते. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही, त्यामुळे पैसे, जागा, खरेदी या सगळ्यामागे कॉलेज किंवा संस्था उभी असावी लागते. तशी ती आहे ना, हे विचारून घ्या.)

वर्गात सगळ्यांत छान बोलणारा मुलगा अध्यक्ष झाला. बहुतेक वेळा असंच होतं. मग त्यांनी पाहणी केली. सोसायट्यांमध्ये फिरून विचारलं, ‘हाताने केलेला कंदील घ्याल का?’ शंभरावर घरांनी ‘हो, हो, घेऊ की’ म्हटलं. त्या भरवशावर १२० कंदील करायचं ठरलं. मला तेव्हाच दिसत होतं की ‘हो’ म्हणायला कुणाला पैसे पडत नाहीत. तरी मी गप्प बसले. मार्गदर्शकाच्या कामात याहून कठीण काही नाही. मुलं खड्ड्याकडे चालली आहेत, खड्डा गुडघाभरच आहे, पडली तर खरचटेल इतकंच, अशा वेळी तोंड बंद ठेवायचं. खड्डा पुरुषभर असेल तर अर्थातच ओरडायचं.

एका कंदिलाचा खर्च त्यांनी कागदावर ३८ रुपये काढला होता. प्रत्यक्षात तो ५१ पडला. कापताना वाया गेलेला कागद धरलाच नव्हता. रिक्षाभाडं धरलं नव्हतं. आणि परतीच्या पावसात घोटीव कागदाचा एक गठ्ठा ओला झाला, तो फेकून द्यावा लागला. विक्रीचा भाव ११० ठेवला. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी सोसायटीच्या आवारात टेबल लावलं, त्याचं भाडं ६०० रुपये. पहिले दोन दिवस जोरात गेले. धनत्रयोदशीच्या रात्री मोजलं तर ८४ विकले होते आणि ३६ शिल्लक. स्टेशनजवळ ८० रुपयांत प्लास्टिकचे घडीचे कंदील ढिगाने आले होते. ‘हो, हो’ म्हणालेल्या घरांपैकी कितीतरी घरांत ते लटकलेले मुलांना खालूनच दिसत होते.

त्याच सुमारास एक गोष्ट झाली होती. वॉचमनकाका दोनदा-तीनदा हसत विचारायचे, ‘काय अध्यक्ष, आमचे पन्नास रुपये सुखरूप हायेत ना?’ काकांच्या मनात काही नव्हतं, सहज विचारायचे. पण आपला अध्यक्ष तेव्हापासून पार्किंगमागच्या गेटने येऊ-जाऊ लागला. हे लक्षात आलं ते हिशोब लिहिणाऱ्या मुलीच्या. रात्रीच्या बैठकीत ती सरळ म्हणाली, ‘तू मागच्या गेटने का जातोस?’ खोलीत एकदम शांतता. तो लालबुंद झाला. मी नुसती बसून होते. मग तो म्हणाला, ‘काकांना काय सांगू? माल पडून आहे असं?’ आणि ती म्हणाली, ‘हो. असंच सांग. आकडे मी देते.’

त्या रात्री त्यांनी एका पानाची सूचना लिहिली. किती कंदील केले, किती विकले, किती उरले, एकाचा खर्च किती आला, उद्यापासून भाव ६० करतोय आणि का करतोय. खाली अध्यक्षाची सही. लिफ्टपाशी ती लावायच्या आधी तो मुलगा पुढच्या गेटवर गेला आणि काकांना अख्खी वाचून दाखवली. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अरे, बी विंगला वरच्या मजल्यांवर चार नवे भाडेकरू आलेत. त्यांच्याकडे गेलात का?’ कुणीच गेलं नव्हतं. पाहणी झाली तेव्हा ती घरं रिकामी होती. नरकचतुर्दशीला २० कंदील गेले, त्यातले काही त्या मजल्यांवरच.

नेतृत्व म्हणजे काय, यावर मी त्या मुलाला एक वाक्यही ऐकवलं नव्हतं. ऐकवलं असतं तर त्याने वहीत उतरवून घेतलं असतं आणि तरी मागच्याच गेटने गेला असता. आपल्यावर विश्वास टाकलेल्या माणसाला वाईट बातमी वेळेवर आणि पूर्ण सांगायची, हे त्याला आलं ते काकांच्या ५० रुपयांमुळे. आणि आपल्या अध्यक्षाला चारचौघांत पण अपमान न करता प्रश्न विचारायचा, हे त्या मुलीला आलं. माझ्या लेखी त्या रात्री त्या खोलीत दोन नेते तयार झाले, आणि अधिक अवघड काम मुलीने केलं.

पुढचा हिशोबही सांगते, कारण खरं शिक्षण तिथे आहे. ८४ कंदिलांचे ९,२४० आणि २० चे १,२००, एकूण जमा १०,४४०. खर्च कंदिलांचा ६,१२० आणि टेबलाचे ६००, म्हणजे ६,७२०. सोळा कंदील उरले ते उरलेच. नफा ३,७२० रुपये. मुलं खूश. मग मी एक प्रश्न विचारला: प्रत्येकाने किती तास काम केलं? वहीत हजेरी होती. नऊ जणांचे मिळून साधारण ३६० तास भरले. भागाकार करा म्हटलं. ताशी १० रुपये आणि वर काही पैसे. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग घणसोलीची मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आपण मजुरी धरलीच नव्हती.’ तिची आई कंपनीत पॅकिंगला जाते. त्या दिवसापासून ती आईच्या पगाराच्या चिठ्ठीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

नफ्यातून शेअरमागे १० रुपये, म्हणजे १,५०० भागधारकांना दिले. प्रत्येक मुलाला २४० रुपये मेहनताना. उरलेल्या ६० रुपयांत हिशोबाच्या अर्ध्या-अर्ध्या पानाच्या झेरॉक्स काढून मूळ ५० आणि वरच्या १० सोबत प्रत्येकाच्या हातात दिल्या. वॉचमनकाकांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला.

तुमच्याकडे बचत गट असेल, किंवा आसपास पाहिला असेल, तर तुम्हाला यात नवल वाटणार नाही. महिन्याची बैठक, इतिवृत्त, सगळ्यांसमोर हिशोबाचं वाचन, कुणाचा हप्ता थकला तर तिच्याशी बोलायला कुणी जायचं याचा निर्णय. कधी चारचौघांत न बोललेल्या बायका दोन वर्षांत बँक मॅनेजरसमोर बसून बोलतात ते याच सवयीमुळे. मुलांच्या कार्यक्रमात तीच सवय सोळाव्या वर्षी लागते. गणेशोत्सव मंडळातही मुलं पुष्कळ शिकतात, माणसं जमवणं, रात्र-रात्र राबणं, ऐनवेळी मार्ग काढणं. पण वर्गणी देणारा बाप्पाच्या नावाने देतो, पैसे परत मागत नाही. भागधारक मागतो.

आता त्याच गटातल्या कळव्याच्या एका मुलीबद्दल. पहिले तीन आठवडे ती बैठकीत एक शब्द बोलली नव्हती. कागदाच्या खरेदीची जबाबदारी तिच्यावर आली, कारण बाकी कुणाला सकाळची वेळ जमत नव्हती. जांभळी नाक्यावर गर्दीत उभं राहून दुकानदाराशी बोलायचं या कल्पनेनेच तिच्या पोटात गोळा आला होता. आदल्या दिवशी माझ्याकडे आली. मी तिला फक्त दस्ता आणि रीम यातला फरक सांगितला: दस्ता २४ कागदांचा, रीम ५०० ची, भाव दोन्हींचे वेगळे. दुसऱ्या दिवशी मी दुकानाबाहेर थांबले, ती आत. दुकानदार फोनवर बोलत बोलत तिला दस्त्याचा भाव सांगून मोकळा झाला. तिने विचारलं, ‘रीमचा काय?’ त्याने सांगितला. मग ती म्हणाली, ‘दोन रीम घेतल्या आणि एक उरली तर दिवाळीनंतर परत घ्याल का?’ तेव्हा त्याने फोन बाजूला ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. ‘फोडलेली नाही घेणार. बंद असली तर आण.’

हा प्रश्न तिला मी शिकवला नव्हता. रात्री घरी बसून, माल उरला तर काय, याचा विचार तिने स्वतः केला होता. बाकीच्या आठ जणांच्या डोक्यात तो विचार धनत्रयोदशीपर्यंत आला नाही.

आज ती मुलगी न्हावा-शेवा बंदरातून जाणाऱ्या मालाची कागदपत्रं बघणाऱ्या एका कंपनीत आहे. पहिल्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, ‘कधी कुणाशी वाटाघाट केली आहेस का?’ तिने हीच रीमची गोष्ट सांगितली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दुसऱ्या कुणाकडे सांगायला असं काही नव्हतं.

करिअरच्या संधी म्हणजे नेमकं काय, हे इथे येतं. सर्टिफिकेट पाहून मी आजवर कुणाला कामावर घेतलेलं नाही, आणि माझ्या ओळखीतले कारखानदारही घेत नाहीत. माझा नेहमीचा प्रश्न असतो: तू हात घातलेलं एखादं काम फसलं होतं का, आणि मग तू काय केलंस? दहातली आठ मुलं गोंधळतात. त्यांना वाटतं चूक कबूल केली तर नोकरी जाईल. ज्याने कधी खरा माल विकला आहे तो आकड्यांसकट सांगतो: इतके बनवले, इतके उरले, आमचं इथे चुकलं. अशा मुलाला मी इन्व्हॉइस कसं करायचं ते आठवड्यात शिकवू शकते. चूक लपवायची नाही, हे मात्र कामावर घेतल्यावर शिकवायला फार महाग पडतं. माझ्याकडे एकदा ४,००० खोकी चुकीच्या मापाची कापली गेली होती, कारण पहिली २०० कापल्यावर ज्याला चूक दिसली तो गप्प बसला.

दुसरी संधी माणसांमधून येते. मुलगी चार महिने एखाद्या व्यावसायिकाच्या डोळ्यांसमोर काम करते, तेव्हा तिला ओळखणारं आणि तिच्याबद्दल शब्द टाकू शकणारं एक माणूस घराबाहेर तयार होतं. ज्यांच्या घरात डॉक्टर, सीए, कारखानदार आहेत त्यांना याची किंमत कळणार नाही. ज्या घरातून कॉलेजला जाणारं पहिलंच मूल आहे, तिथे हे फार मोठं आहे. आपल्या भागात कामं कमी नाहीत. ठाणे-बेलापूर पट्टा, महापे-ऐरोलीची ऑफिसं, तुर्भ्याची बाजार समिती, बंदर, गोदामं, आणि आता नवी मुंबईचा विमानतळ. अडतं ते आत कुणाला विचारावं इथे.

तिसरी गोष्ट, स्वतःचा व्यवसाय. इथे मी स्पष्टच बोलते. अशा कार्यक्रमातून बाहेर पडलेली बहुतेक मुलं उद्योजक होत नाहीत, आणि त्यात वाईट काही नाही. ज्यांना व्हायचं असतं त्यांना पुढचा रस्ता १८ पूर्ण झाल्यावर खुला होतो. १९८८ पासून काम करणारं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र प्रशिक्षण देतं. जिल्हा उद्योग केंद्रातून केंद्राच्या आणि राज्याच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमांत अर्ज करता येतो, त्यात बँकेच्या कर्जाला अनुदानाची जोड असते. १९९२ मध्ये सुरू झालेला भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १८ ते ३५ वयाच्या तरुणांना कर्ज मिळवून देण्याबरोबर एक अनुभवी मेंटॉर जोडून देतो. त्याच्या उभारणीत जे. आर. डी. टाटा होते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, २०२० पासून ऑनलाइन आणि फुकट आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. आणि ज्याला आधी नोकरीचा अनुभव हवा त्याच्यासाठी राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिच्यात बारावी झालेल्याला महिना ६,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं होतं. या सगळ्यात बँक किंवा अधिकारी जो प्रकल्प अहवाल मागतात, त्यात ‘एका नगाचा खर्च किती’ हा रकाना असतोच. ज्याने ३८ चे ५१ होताना पाहिले आहेत, तो तो रकाना दुसऱ्याकडून भरून घेत नाही.

तिच्या बाबांच्या शंकेकडे येते. अभ्यासाची काळजी रास्त आहे. आठवड्याला तीन-चार तास जातात, दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे त्याहून बरेच जास्त. बारावीला मी मुलांना यात घेतच नाही. अकरावीला मात्र कॉमर्सच्या मुलांसाठी हे अभ्यासाच्या बाहेरचं नसतं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स), ताळेबंद हे शब्द पाठ करायला जड जातात. पण संध्याकाळी टेबलावरच्या डब्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक यात ३० रुपयांचा फरक येतो, आणि तो सापडेपर्यंत कुणी घरी जात नाही, तेव्हा तेरीज का जुळली पाहिजे हे डोक्यात पक्कं बसतं. पुढे बारावीच्या एस.पी.मध्ये, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस या विषयात, शेअर, लाभांश असे धडे येतात. ते हिने आधी करून पाहिलेले असतील. गुण वाढतीलच अशी हमी मी देत नाही. क्लास हवा असेल तर तोही लावा, दोन्ही जमतं.

एका गोष्टीवर मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. अशा गटांत इंग्रजी फाडफाड बोलणारा अध्यक्ष होतो, मुलगे विक्री आणि पैसा घेतात, आणि मुलींकडे सजावट, पॅकिंग, रांगोळी येते. कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप घडतं. मी अर्ध्यावर पदं बदलायला लावते, आणि बैठकीची भाषा जी सगळ्यांना सोपी जाते तीच ठेवते. कळव्याच्या त्या मुलीला पहिल्या आठवड्यात इंग्रजीत सादरीकरण करायला लावलं असतं तर ती दुसऱ्या आठवड्यात आलीच नसती. तुमच्या लेकीला काय काम मिळालंय ते विचारा. महिनाभर ती नुसती पोस्टर रंगवत असेल तर तिला सांगा, पुढच्या बैठकीत हिशोब किंवा खरेदी माग.

सगळेच कार्यक्रम असे असतात असं नाही, हेही सांगायला हवं. मी एकदा एका ठिकाणी परीक्षक म्हणून गेले होते. मोठं हॉटेल, मुलांना कोट घालायला लावलेले, फी १२,००० रुपये. मुलांनी पडद्यावर कोट्यवधींच्या उलाढालीचे आलेख दाखवले. मी विचारलं, आत्तापर्यंत एक तरी वस्तू कुणाला विकली का? एकाही गटाने विकली नव्हती. मुलं हुशार होती, मेहनतीही होती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. त्या पालकांनी ते पैसे पोटाला चिमटा काढून भरले होते. त्यानंतर तिथे मी गेले नाही.

म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जा आणि मागच्या बॅचचा ताळेबंद दाखवा म्हणा. फोटो नकोत, बक्षिसांची यादी नको. जिथे मुलांनी खरंच व्यवहार केलाय तिथे तो कागद निघतो, खाडाखोड केलेला का असेना. आधीच्या एखाद्या मुलाशी पाच मिनिटं बोलायला मिळालं तर त्याला विचारा, तुमच्यात भांडण कशावरून झालं? काहीच झालं नाही म्हणाला तर सगळे निर्णय मोठ्यांनी घेतले होते असं समजा. फी नाममात्र असावी. मार्गदर्शक रोज काही ना काही धंदा करणारा असावा, मग तो पोळी-भाजी केंद्र चालवणारा का असेना. मुलांनी खायची वस्तू विकायचं ठरवलं तर एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नोंदणीचं काय, हे संस्थेने आधी पाहिलेलं असावं. एका गटाने माझ्याकडे थर्माकोलच्या मखरांची सुंदर कल्पना आणली होती. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं, दोन आठवडे वाया गेले.

आणि एक करा. लेकीच्या कंपनीचा एक शेअर तिच्या बाबांना घ्यायला सांगा, पावती घेऊन. मग दर रविवारी जेवताना त्यांनी तिला विचारायचं: माझ्या ५० रुपयांचं काय झालं? पहिल्या रविवारी ती वैतागेल. दिवाळीच्या सुमारास ती वही घेऊनच जेवायला बसेल.